चिंचेने घासलेला संगणक

उन्हाळ्याच्या दुपारी आमच्या बैठकीत आता दोन वास एकमेकांत मिसळलेले असतात. एक मागच्या ओट्यावर भिजत घातलेल्या चिंचेचा, आंबट, ओलसर, जन्मापासून ओळखीचा. आणि दुसरा नव्या यंत्राचा, कोरडा, किंचित गोडसर, ज्याला मराठीत अजून नावच मिळालेलं नाही. खिडक्यांचे पडदे ओढलेले, बाहेर मेहकरचं ऊन अंगणातल्या फरशीवर नुसतं उभं, गल्लीत चिटपाखरू नाही. आणि या नीरव प्रहरात टेबलाखालून एक अखंड, मंद गुणगुण येत राहते, पोटभर दूध प्यायलेलं मांजर कोपऱ्यात घोरत असावं तशी. मिहिर, इरा, ही गुणगुण तुम्ही मेलबर्न आणि डब्लिनला बसून ऐकली आहे; पण तिच्यासाठी तुमच्या आजीने काय काय सोसलं ते तुम्हाला तुकड्यातुकड्यांनीच ठाऊक आहे. म्हणून हे सलग लिहिते आहे. सलग लिहिलं की रागसुद्धा घडी घालून कपाटात ठेवता येतो, अशी माझी जुनी समजूत.

तुम्ही दोघं सख्खी आते-मामेभावंडं, पण एका छपराखाली शेवटचे कधी बसलात, आठवतं? लहानपणी मे महिन्यात याच बैठकीत एका चटईवर लोळायचात, रसाच्या एकाच पातेल्यात वाट्या बुडवायचात आणि एकमेकांचे केस ओढायचात. मग शाळा बदलल्या, देश बदलले, सुट्ट्या जुळेनाशा झाल्या. एकाकडे हिवाळा तेव्हा दुसरीकडे उन्हाळा. जिथे ऋतूंचीच गाठ पडत नाही तिथे माणसांनी काय करावं? उरला तो एक खेळ. शनिवारी तुम्ही दोघं संगणकावर एका कल्पित प्रदेशात भेटता, झाडं तोडता, विटा भाजता आणि गाव वसवता, एवढं मला कळत होतं. वाढत्या वयाच्या मुलांनी दुपारच्या दुपार गवंडीकाम करावं, याचं मला नवलच वाटायचं. मग एके दिवशी इरा व्हिडिओवर म्हणाली, "आजी, त्या गावात आम्ही तुझं घर बांधलंय. मेहकरचं. तू आत ये ना."

आत ये! माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते गाव उघडलं तेव्हा काय दिसलं सांगू? आधी धुकं, मग एक कोपरा, मग पुष्कळ वेळाने आपलं हिरवं फाटक, त्यावरची माझी मधुमालतीसुद्धा. मी पुढे सरकायला गेले आणि लॅपटॉपने तिथेच प्राण सोडला. पुन्हा चालू केला, पुन्हा फाटकापर्यंत, पुन्हा मूर्च्छा. स्वतःच्या घराच्या फाटकाशी उभं राहावं, आतून नातवंडांचे आवाज यावेत आणि पाऊल उचलू नये, हा काय प्रकार? त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं की तुम्हा दोघांना एकत्र पाहायला जगात आता तेवढी एकच जागा उरली आहे, आणि तिथे मला शिरता येत नाही. मला बाकी काही नको होतं. त्या घरात जायचं होतं.

पण सरळ मार्गाने काही होईल तर ते आपलं कुटुंब कसलं! आजीला खेळाचा दणकट संगणक हवा, यावर तुमचं एकमत झालं आणि तिथेच संपलं. इरा म्हणाली, तयार घ्यायचा: पेटीतून काढायचा, वायर लावायची, बिघडला तर कंपनी बघेल. मिहिर म्हणाला, छे, तयार यंत्रात वरून दिवे आणि आतून स्वस्त माल. सुटे भाग मागवायचे, आपण जोडायचे, म्हणजे काय घातलंय ते आपल्याला ठाऊक. मग तुमचं ते युद्ध! मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, असे शब्द माझ्या डोक्यावरून बाणांसारखे जात होते आणि मी मधल्या मध्ये, दोन्ही पक्षांची आजी. तुमच्या आजोबांना निवाडा मागितला तर ते वर्तमानपत्रामागून म्हणाले, "तयार घ्या नाही तं जोडून घ्या. पण माह्या जेवायच्या टेबलावर पसारा नोको."

खरं सांगायचं तर या प्रश्नाला मी नवखी नव्हते. आयुष्यभर बाईमाणसाला दुसरं काय ठरवायचं असतं? कुरडया विकत आणाव्या की तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, गच्चीवर पाठ भाजत घालाव्या? काळा मसाला दुकानातला की घरी डोळ्यांतून पाणी काढत कुटलेला? विकतची कुरडई तळली की फुलते, दिसायलाही देखणी; पण ती खाताना तिच्याविषयी कुणी कुरकुर करत नाही, की यंदा चीक जास्त आंबला म्हणून. घरच्या कुरडईला नावं ठेवायला अख्खं घर जमतं. आणि तुमच्या आजोबांचं स्थळ? ते तर शुद्ध तयार आलं होतं. वरून पाहायचं, होकार द्यायचा. खोलून बघायची सोय नाही, वॉरंटी नाही, परत पाठवायची पद्धत नाही. कोणता भाग लवकर तापतो, कोणता नुसताच दिवे लावतो आणि काम करत नाही, हे पुढे वर्षानुवर्षं मीच शोधून काढलं. तेव्हा तयार आणि जोडलेलं यांच्यातलं अंतर तुम्ही समजता तेवढं मोठं नसतं, बाळांनो. तयार वस्तूसुद्धा घरात आली की आपल्यालाच पुन्हा जोडावी लागते.

मी इराच्याच बाजूने कौल देणार होते. पण तेवढ्यात इरा बोलून गेली, "मिहिर, प्लीज, आजीला जमणार आहे का ते?" हे वाक्य तिने बोलायला नको होतं. इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, उभा जन्म शाळेत मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवलेली, कपाटातला प्रत्येक डबा चिठ्ठी लावून ठेवणारी बाई चार तुकडे जोडू शकणार नाही? मी तत्काळ मिहिरला म्हटलं, मागव. इराचा चेहरा पडला, तो मला दिसला. पण अहंकार चष्म्याच्या काचेच्या आतल्या बाजूला बसतो, पुसायला गेलं तरी सापडत नाही.

मग सुरू झाला खोक्यांचा चातुर्मास. एक भाग आज, एक पुढच्या आठवड्यात. कुरिअरवाला आमच्या गल्लीत शिरायचा नाही. "मॅडम, स्टँडवर येऊन जा, मले पुढं लोणारकडं जायचं हाय," असा फोन आला की मी छत्री घेऊन निघायची. समोरच्या काकूंनी शेवटी विचारलंच, "काय वो, घरात कारखाना टाकून राह्यल्या काय?" मी प्रत्येक भाग खोक्यातून काढून जेवणाच्या टेबलावर, पांढऱ्या चादरीवर ओळीत मांडला आणि समोर नावाची चिठ्ठी ठेवली. आजोबांनी त्या पसाऱ्याकडे पाहिलं, ताट उचललं आणि मुकाट्याने ओट्यावर जाऊन जेवले. पुढे कित्येक दिवस तिथेच जेवले. मी माहितीपत्रकं वाचायला घेतली. माहितीपत्रकं! कर्ता नाही, कर्म नाही, क्रियापद नाही. नुसती चित्रं, बाण आणि फुल्या. एक माणूस कपाळाला हात लावून उभा, त्याच्यावर फुली. पुढे तोच माणूस हसतोय. का हसतोय? कशामुळे? ज्या जगाने इतकी गुंतागुंतीची वस्तू घडवली त्या जगाला एक धड वाक्य घडवता येऊ नये? मी रागाने ती चित्रं घडी करून ठेवून दिली.

अखेर एका रविवारी सगळं जुळून आलं. लोणच्याच्या बरणीला टेकवलेल्या फोनमध्ये मिहिर, टेबलाशी मी, आणि इरा, जराशी रुसलेली, पण दुसऱ्या खिडकीत हजर. मिहिर सांगत गेला, मी बसवत गेले. प्रोसेसर आपल्या खाचेत असा अलगद उतरला, जणू देव्हाऱ्यात शाळिग्राम. त्याच्यावर त्याला गार ठेवणारा पंखा बसवायचा. त्याच्या बुडाला मधोमध तांब्याची वाटोळी चकती. तो बसवताना मी चष्म्यावरचा घाम पुसत होते आणि फोन बरणीवरून घसरून त्याचं तोंड छताकडे झालं होतं, हे लक्षात ठेवा. चारही कोपऱ्यांचे स्क्रू आवळले. कळ दाबली. आणि काय सांगू, पेटीत निळा-तांबडा प्रकाश पाझरला, पंखे फिरले! आजोबा ओट्यावरून उठून आले. "काय बे मिह्या, गणपतीलेही एवढी लायटिंग नसते आपल्या गल्लीत!" त्या क्षणी मी इराकडे पाहून विजयी मुद्रेने हसले, हे नाकारत नाही.

गाव उघडलं. धुकं नाही, थांबणं नाही. फाटक आलं, मधुमालतीची पानं चक्क हलत होती. मी फाटकातून आत गेले. अंगण ओलांडलं. ओसरीवर पाऊल ठेवलं, दाराला हात लावला आणि अंधार. यंत्र बंद. आवाज नाही, धूर नाही, निरोप नाही. थोड्या वेळाने पुन्हा चालू केलं. पुन्हा अंगण, पुन्हा ओसरी, पुन्हा अंधार. नेमकं दाराशी!

त्यानंतर तुम्ही दोघं जे बोललात ते सगळं इथे लिहीत नाही, पण तुम्हाला आठवत असेलच. मिहिरने मेहकरच्या विजेला दोष दिला. इरा म्हणाली, मी सांगत होते, पण माझं ऐकायचंच नाही असं तुझं लहानपणापासून आहे. मिहिर म्हणाला, तू कधी काही स्वतः करतेस का, तुला सगळं तयारच लागतं. ते संगणकाविषयी नव्हतं, हे बरणीला टेकवलेल्या फोनलासुद्धा कळलं असेल. इराची खिडकी पटकन मिटली. पुढच्या शनिवारी ती खेळात आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मिहिर एकटा गावात गेला आणि परत आला. मला म्हणाला, "गाव ओकंबोकं वाटतं गं आजी." मी इराला फोन केला तर ती हवामानाविषयी बोलली. नातवंडं आजीशी हवामानाविषयी बोलू लागली की समजावं, घराची भिंत खचते आहे. आम्ही दोघं म्हातारी आहोत तोवर तुम्ही आमच्या निमित्ताने एकमेकांना शुभेच्छा तरी पाठवाल, नंतर? एका यंत्रापायी, मी एका वाक्याचा राग धरला त्यापायी, ही दोन मुलं कायमची हवामानावर येणार होती का?

मी स्टँडजवळच्या संगणकवाल्याकडे गेले. तो माझाच विद्यार्थी. दुकानात तयार यंत्रं ओळीने मांडलेली, प्रत्येकाच्या पोटात इंद्रधनुष्य गरगरत असलेलं. मी अडचण सांगितली तसे त्याने दुरूनच हात जोडले. "मॅडम, दुसऱ्यानं जोडलेल्याले आपण हात लावत नसतो. उद्या काही झालं तं नाव माह्यं." मी म्हटलं, अरे, दुसऱ्याने नाही, मीच जोडलाय. तर हसून म्हणतो, "तुमीच शिकवलं होतं ना, दुसऱ्याच्या वहीत डोकावू नका म्हनून!" चहा मात्र पाजला. एका शिंप्याने बेतलेला ब्लाउज दुसरा शिंपी उसवत नाही, गवंडी दुसऱ्याच्या भिंतीला थापी लावत नाही. आपल्याकडे प्रत्येक हुन्नराचा हाच कायदा. चहा घेऊन, तणतणत, भर उन्हात घरी आले आणि ठरवलं: जे मी जोडलं ते मीच खोलणार. पुन्हा चादर, पुन्हा चिठ्ठ्या, पहिल्यापासून.

पुढचा रविवार. फोनमध्ये एकटा मिहिर. मी एकेक भाग काढून त्याला दाखवत होते. प्रोसेसरवरचा पंखा उचलला, उलटा केला आणि फोनसमोर धरला. तांब्याची चकती अशी झळकली, की तिच्यात मला माझा चष्मा दिसला. मिहिर पुढे वाकला. "आजी, त्याच्यावर राखाडी रंगाचं काहीतरी चिकट लावलेलं होतं ना? कंपनीतूनच येतं ते. कुठे गेलं?"

मी उत्तर देण्याच्या आधी ओट्यावरून आवाज आला, कौतुकाची वाट पाहून थकलेल्या माणसाचा. "ते म्या घासलं! चिंच आन् मीठ लावून. एवढं कोरं तांबं आन् त्याच्यावर कसा लपका लागलेला होता काळपट. पाह्य ना, कसं लखलख करून राह्यलं!"

आता तुमच्या आजोबांचं तांबं तुम्ही लहानपणी पाहिलेलं आहे. शेत वाट्याने दिल्यापासून सकाळची देवपूजा हेच त्यांचं शेत. ताम्हण, पळी, कलश रोज चिंचेने घासल्याशिवाय देवाच्या अंगावर पाणी पडत नाही. माझ्या पांढऱ्या चादरीवर, माझ्या चिठ्ठीमागे, त्यांना एक कळकट तांबं दिसलं. त्यांनी ते नेलं, घासलं, धुतलं, पंच्याने कोरडं केलं आणि चिठ्ठीमागे, जागच्या जागी, परत ठेवलं. जागच्या जागी! जन्मभर मी ज्यांना वस्तू जागेवर ठेवा म्हणून घसा कोरडा केला, त्यांनी ती एकदाच ठेवली आणि तीही अशी. एका शब्दाने बोलले नाहीत, कारण मी आपणहून ओळखीन अशी त्यांची आशा. मी काय ओळखणार? मी फक्त चिठ्ठी वाचत होते.

 मिहिरचे खांदे हलू लागले. मग त्याने, मला न विचारता, इराला त्याच फोनमध्ये ओढलं. "ऐक, ऐक. आजोबांनी कूलिंग फॅन चिंचेने घासलाय." आणि पलीकडे इरा अशी हसली, अशी हसली, की तिची खिडकीच हलायला लागली. "आजोबा, नैवेद्याला काय ठेवलं होतं?" आजोबा चांगलेच रुसले. "देवाले चालते तं मशीनले काऊन चालत नाही?" तुम्ही दोघंही डोळे पुसत होतात, एकाच वेळी, दोन गोलार्धांत. किती दिवसांनी! आणि मी? मी हातात ती निर्मळ चकती धरून संतापले होते, आणि मलाही हसू आवरत नव्हतं.

तो राखाडी लेप कशासाठी असतो ते मग मिहिरने समजावलं. दोन धातू कितीही सपाट, कितीही चकचकीत केले आणि एकमेकांवर दाबून बसवले तरी त्यांच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक फटी राहतात. त्या फटींत हवा अडकते आणि एकाची ऊब दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. एक आतल्या आत तापत जातो, दुसरा वर गार फिरत राहतो, आणि मग एक दिवस, नेमकं दाराशी, अंधार. तो चिकट, कळकट, पुसून टाकावासा वाटणारा लेप त्या फटी भरतो. मी ऐकत होते आणि ओट्यावर पाठ करून बसलेल्या माणसाकडे पाहत होते. आमच्या दोघांत इतक्या वर्षांत काय आहे? टेबलावरचा पसारा, ताटातलं मीठ, पंख्याचा वेग, ही अखंड किरकिर. शेजारच्यांना वाटतं, या घरात सदैव भांडण. पण ती किरकिर एखाद्या दिवशी थांबली, तर दुपारपर्यंत दोघांपैकी एकाला ताप भरतो. तुम्ही दोघं फार चकचकीत झाला होतात, बाळांनो. वाढदिवसाच्या स्वच्छ शुभेच्छा, शिष्ट चौकशी आणि शनिवारी गवंडीकाम. मधल्या फटीत हवा.

संगणकवाल्याकडून त्या लेपाची पिचकारी मिळाली. विकायला त्याची हरकत नव्हती, हात लावायलाच होती. वाटाण्याएवढा ठिपका दिला, पंखा बसवला, आणि आजोबांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, या चादरीवर तुमच्या देवाचंसुद्धा काही चालणार नाही. यंत्र सुरू झालं. फाटक, अंगण, ओसरी. दार उघडलं. मी आत गेले.

काय काय केलंत रे तुम्ही! पाट्या-वरवंट्याचा कोपरा, माठ, आजोबांची खुर्ची, चटईसुद्धा. आणि घराला दोन जिने. एक पुढे कडुलिंबाजवळून गच्चीवर चढणारा, एक मागे धुण्याच्या दगडापासून. मी विचारलं, हे काय? मिहिर म्हणाला, जिना पुढे होता, आम्ही त्याच्यावर बसून आंबे खायचो. इरा म्हणाली, काहीतरीच, मागे होता, तू त्याच्यावरून पडला होतास आणि मी रडले होते. एकमत होईना म्हणून दोघांनी आपापला बांधून ठेवला होता. वरची खोली काढताना जुना जिना आम्ही पाडला, त्यामुळे आता तो प्रत्यक्षात कुठेच नाही आणि फोटोतही सापडत नाही. "आजी, तू सांग. तूच फायनल."

ज्या बाईने आयुष्यभर चुकीच्या स्पेलिंगखाली लाल रेघ ओढली, तिला याहून मोठं आमिष कोणतं? उत्तर जिभेच्या टोकावर होतं. आजोबा तर तोंड उघडून "अरे, तो तं" इथवर आलेही होते. मी घाईने त्यांच्या हातात चिंचेची वाटी दिली आणि ताम्हण दाखवलं. मग मी तुम्हाला सांगितलं, मला नीटसं आठवत नाही.

तुम्ही आपापल्या आईवडिलांना विचारलंत. माझा मुलगा म्हणतो पुढे, माझी मुलगी म्हणते मागे, आणि जी भावंडं एरवी सणावारी दोन ओळींवर भागवतात ती आता रोज एकमेकांना फोन करून तावातावाने नकाशे काढत आहेत. चारजण, दोन देश, एक पाडलेला जिना.

मला तो कुठे होता ते पक्कं ठाऊक आहे. पायऱ्या किती, कोणती पायरी हलत होती, तेही. मी सांगणार नाही.

आत्ता भर दुपार आहे. मागे ओट्यावर आजोबा चिंचेने पळी घासत आहेत, तो आंबट वास पडद्याआडून आत आला आहे. टेबलाखाली ती गुणगुण चालू आहे, आणि तिच्यावरून तुमचे दोघांचे आवाज: "पुढे." "मागे." "तुला काय आठवतंय?" "तुलाच काही आठवत नाही." पूर्वी मी म्हटलं असतं, अरे, भांडू नका. आज मी वाकून, मुलाचं कपाळ पाहावं तसा, पेटीच्या अंगाला तळहात लावून पाहिला. ताप नव्हता.